केळीच्या मळ्यातली जौनपुरी

आमच्या धुळ्याची थंडी पेपरात येते. बाकीच्या गावांची नुसती पडते. हे वाक्य मी प्रत्येक हिवाळ्यात निदान एकदा तरी ऐकवते, आणि माझी दोस्तमंडळी दरवेळी कानांवर हात ठेवतात. सासर भुसावळचं, नोकरी भुसावळच्या शाळेत झाली, आता रिटायर होऊन राहतेही तिथेच. पण डिसेंबरात पेपर उघडला आणि राज्यात सगळ्यात जास्त गारठा धुळ्याला पडल्याची बातमी दिसली की माझी मान ताठ होते. त्यात माझं कर्तृत्व शून्य, हे मला कळतं. पण अभिमान काही विचारून येत नाही.

आम्ही चौघं आहोत. नावं सांगत नाही, कारण आम्हीही एकमेकांना नावाने हाक मारत नाही. जो जिथला, तो तिथला. वरणगाववाले भाऊ ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले, हात कायम तबल्यावर. दीपनगरवाली तिथल्या थर्मल वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होती. ती हार्मोनियम वाजवते आणि सगळ्यांना वेळेवर या म्हणून बजावते. सावदेवाली गाते. आणि मी धुळेवाली, जन्मभर पोरांना गणित शिकवलं. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, म्हणून मला मागे बसवून हातात तंबोरा दिलाय. तो जुळवूनही सावदेवालीच देते. माझं काम फक्त तारा सारख्या चालीने छेडत राहायचं. वयाने मी मोठी, त्यामुळे सगळे मला अक्का म्हणतात, आणि तंबोरा नीट धर, असं कुणी तोंडावर सांगत नाही.

पण ऐकता मला येतं. तिथे मी कुणाला हार जाणार नाही. आमची ओळखच ऐकण्यातून झाली. जळगावला थंडीच्या दिवसांत शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात. स्वेटर, मफलर, शाली, कानटोप्या अशा थाटात आम्ही खानदेशी माणसं तिथे जमतो. भुसावळकडून येणारे म्हणून आम्ही चौघं आधी एकाच रांगेत बसायला लागलो, मग एकाच गाडीने यायला लागलो. एकदा एक पाहुणे गायक मंचावरून म्हणाले, "इतक्या लांब येऊन असे जाणकार श्रोते भेटतील असं वाटलं नव्हतं." टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. लांब कोण आलं होतं? ते आले होते. आम्ही आमच्या घराजवळच होतो. मध्यंतरात मी हे मोठ्याने बोलले, तर दीपनगरवालीने मला चहाच्या टेबलाकडे ओढत नेलं.

मैफलींच्या अधेमधे आमच्या सहली असतात. हिवाळा म्हणजे आमच्यासाठी गाणं आणि फिरणं. सातपुड्यात पालला जातो, मनुदेवीला जातो, ऊनपदेवच्या गरम पाण्यात पाय सोडून बसतो. वाटेत कुठेतरी झणझणीत शेवभाजी खाऊन नाकं पुसतो. भाऊ पुढच्या सीटवर बसून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेका धरतात, आणि सावदेवाली मागे गुणगुणत असते. तिचा आवाज मोठा नाही, पण सुरात असा पक्का की ती गुणगुणायला लागली की आमच्या गप्पा आपोआप थांबतात. माझी मैत्रीण असं गाते, हे मी बँकेच्या रांगेतसुद्धा लोकांना सांगितलेलं आहे.

आता आबांचं सांगते. आबा म्हणजे सावदेवालीचे सासरे. सावद्याजवळ त्यांचा केळीचा मळा आहे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा सवयीने थंडीचा विषय काढला, बघायची तर आमच्या धुळ्याची बघा म्हणून. म्हटलं, "थंडी दखनी व्हई ते आमना धुयाले या!" आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या दारात साप सोडलाय. म्हणाले, "तुमची धुयाची थंडी तुमीच ठेवा बाई. माह्या केयीले नको." थंडी वाढली की केळीचं पीक अडतं. त्यामुळे मी ज्या बातमीने फुलते, तिनेच आबांचा जीव वर-खाली होतो. तेव्हापासून त्यांच्या घरी मी थंडीवर बोलत नाही.

सावदेवाली लग्न होऊन आली तेव्हा तिचं गाण्याचं शिक्षण अर्ध्यावर होतं. गुरुजी भुसावळला. नवरा केळीच्या व्यापारात, सदा ट्रकांच्या मागे. आता शिकवणी सुटणार, असं ती धरून चालली होती. तर आबांनी एवढंच विचारलं, "कोन्या दिवशी राह्यते तुही शिकवनी?" आणि त्या दिवसापासून दर आठवड्याला आपल्या फटफटीवर मागे बसवून तिला भुसावळला नेऊ लागले. धोतर, टोपी, आणि मागे वही पोटाशी धरलेली सून. त्या काळी गावात बोलणारे कमी नव्हते. कुणीतरी पारावर टोकलं, सून गाणं शिकते म्हणे? आबा म्हणाले, "शिकते. तुह्या घरी येऊन म्हनते का?" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

पण स्वतः आबा कधी आत गेले नाहीत. गुरुजींच्या घरासमोर फटफटी लावून उभे राहायचे. पुढे जळगावला तिचं पहिलं जाहीर गाणं झालं, तेव्हाही हॉलच्या दारापर्यंत सोडायला आले आणि तिथूनच वळले. ती आग्रह करकरून थकली. त्यांचं एकच उत्तर: "आपल्याले त्यातलं काय समजते? मी तिथी बसून काय करू?" ते रागाने म्हणत नव्हते. हॉल, मखमली खुर्च्या, हळू आवाजात बोलणारी माणसं, ही आपली जागा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि आबांनी ठरवलेलं बदलायला त्यांच्या घरात कुणाची छाती नव्हती.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आबा खूप आजारी पडले. त्यातून उठले, पण गुडघे गेले. आता घर आणि मळा, एवढंच जग. जळगावच्या मैफलीत मध्यंतराचा चहा पिताना सावदेवाली मला म्हणाली, "अक्का, मला आता जगाने ऐकलं. ज्याने शिकायला नेलं, त्याने एकदा पण नाही ऐकलं. ते दवाखान्यात होते ना, तेव्हा मला रोज हेच वाटायचं. हे राहून गेलं तर मी कोणाला सांगू?" ती कप हातात धरून उभी होती, चहा प्यायलाच नाही. मला गाण्यातलं दुःख पुष्कळ कळतं, पण समोर उभ्या माणसाचं दुःख बघितलं की मला रागच येतो. मी म्हटलं, "आबा मैफलीत येत नाहीत ना? मग मैफल आबांकडे नेऊ."

असं ठरलं. मळ्यात भरीत करायचं, हिवाळ्यात आमच्याकडे सगळेच करतात. त्याच्या आधी सकाळी गाणं. आबा थंडीच्या दिवसांत उन्हाला मळ्यातल्या शेडपाशी बाज टाकून बसतातच. आम्ही त्यांच्यासमोर जाऊन सतरंजी अंथरायची. त्यांनी काही करायचं नाही, फक्त उठून जायचं नाही. दीपनगरवालीने माईक आणायचा विचार मांडला होता, तो मी हाणून पाडला. म्हटलं, मळ्यात पाखरांशिवाय आहे कोण? सावदेवालीने जौनपुरी निवडली. सकाळ चढत असतानाचा राग, आणि गुरुजींकडे पहिल्यांदा मोठा ख्याल शिकली तो ह्याच रागातला. आबा बाहेर उभे असताना शिकलेला.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा केळीच्या पानांवरून दव टपटपत होतं. बाजूला बांधावर कपाशीच्या काड्यांचा जाळ लावून त्यात हिरवी लांब भरताची वांगी भाजायला घातली होती. घरची माणसं, गल्लीतल्या चार बायका, शेजारच्या मळ्यातले एक-दोघं. आबा डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर गुंडाळून बाजेवर. त्यांनी आमच्या वाद्यांकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "इतकं सामान आनलं, भरीत खायाले?" सावदेवाली म्हणाली, "आबा, जेवायच्या आधी थोडं गाणार आहोत." आबा नाही म्हणाले नाहीत, हेच आम्ही हो धरलं.

आणि मग भाऊंनी तो पराक्रम केला, जो फक्त आमचेच भाऊ करू शकतात. गारठ्याने आणि दवाने तबल्याचं कातडं सैल पडलं होतं, सूर उतरला होता. समोर एवढा छान जाळ पेटलेला. जो जाळ वांग्याला चालतो तो तबल्यालाही चालेल, असा हिशोब करून भाऊंनी तबला भरताच्या जाळाजवळ नेऊन ठेवला आणि वांगी उलटीपालटी कशी करावीत ह्यावर गल्लीतल्या बायकांशी वाद घालत बसले. तबला परत आणला तो इतका तापलेला, की सूर पार वर चढून बसला. भाऊंनी हातोडी काढली. ठोकताहेत, थांबताहेत, कान लावताहेत, पुन्हा ठोकताहेत. दीपनगरवाली घड्याळ बघून दातओठ खाते आहे. मी म्हटलं, "भाऊ, तबला पण भरतातच घालायचा होता का?" तर भाऊ माझ्यावरच तापले. तो तबला निवून सुरावर येईपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं.

ह्या उशिरानेच पुढचं सगळं झालं.

गाणं सुरू झालं. सावदेवालीने डोळे मिटून सुरुवातीचा षड्ज लावला आणि मला आठवतं, तंबोऱ्यावरचा माझा हात एक क्षण थबकला. हॉलमध्ये तिचा आवाज ऐकायची मला सवय होती. उघड्यावर, केळीच्या रांगांमध्ये, तो आवाज कशालाही न आपटता निघून जात होता. ती सावकाश, एकेका सुरावर थांबत राग मांडत होती. भाऊंचा ठेका झकास लागला होता, मघाचं सगळं पाप धुऊन टाकणारा. गल्लीतल्या बायका आधी कुजबुजत होत्या, त्या गप्प झाल्या. माझं एक लक्ष तंबोऱ्यावर आणि दुसरं बाजेवर. आबा आमच्याकडे तोंड करून बसले नव्हते, थोडे तिरके होते, नजर जमिनीवर. ऐकताहेत की उन्हाने डुलकी लागली आहे, ते कळत नव्हतं. पण बसले होते. मला तेवढ्यानेच एवढं भरून आलं की काय सांगू.

सावदेवाली अंतऱ्याकडे निघाली. वरच्या षड्जाकडे जायची तिची वाट मला पाठ आहे. ती घाई करत नाही, दारापर्यंत जाते, परत फिरते, पुन्हा जाते. त्या दिवशी ती अशीच दारापर्यंत पोचली आणि तेवढ्यात शेडमागून धाडकन पाण्याची मोटर सुरू झाली.

लाईट आली होती.

शेतीची लाईट पाळीने येते. कधी दिवसा, कधी रात्री, ठरलेल्या तासांपुरती. तेवढ्यात काय पाणी द्यायचं ते द्या. आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. आम्हाला तिची वेळ माहीत होती आणि त्याच्या आत गाणं संपवायचं होतं, पण तबला भाजण्यात वेळ गेला होता. आमच्या सगळ्यांच्या नजरा दीपनगरवालीकडे वळल्या, जणू तिनेच तिकडून बटण दाबलं. ती बिचारी पेटीचा भाता ओढत नुसती मान हलवत राहिली. आणि मोटर बंद करा, असं म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. लाईट असताना मोटर बंद, ही गोष्ट केळीवाल्याच्या घरात बोलायचीच नसते. ताटावर बसलेले आबा लाईट आली म्हणून हात धुऊन उठायचे, हे सावदेवालीने आम्हाला हसत हसत किती वेळा सांगितलं होतं. स्वतःच्या मुलाच्या हळदीच्या दिवशीसुद्धा मांडवातून निघून पाणी देऊन आलेला हा माणूस.

सावदेवाली थांबली नाही. तिने आवाज चढवला. पण मोटरशी गळ्याने किती भांडणार? शब्द बुडायला लागले, बारीक जागा तर ऐकूच येईनात. आणि तेवढ्यात आबा बाजेवरून उठले. काठी घेतली, आमच्याकडे न बघता शेडच्या बाजूला वळले आणि केळीच्या रांगेत शिरले.

मी ते पाहिलं, आणि तिनेही पाहिलं. डोळे मिटून गाणारी बाई नेमकी त्याच क्षणी डोळे उघडते, असं का होतं मला माहीत नाही. तिचा सूर हलला. इतक्या वर्षांत मी तिचा सूर हललेला ऐकला नव्हता. ती गात राहिली, पण त्यात तिचं लक्ष नव्हतं. नुसतं पार पाडायचं म्हणून गात होती. आणि मला आबांचा असा संताप आला! मनात म्हटलं, म्हाताऱ्या, एक दिवस. फक्त एक दिवस बसला असतास तर तुझी केळी वाळून गेली असती का? तारा मी इतक्या जोरात छेडत होते की दीपनगरवालीने वळून माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे भरले होते, रागानेच म्हणा.

मग मोटर बंद झाली.

एकदम सगळं शांत झालं. मला वाटलं लाईट गेली. भाऊंनी वाजवता वाजवता हनुवटीने शेडकडे खूण केली. शेडमधला दिवा जळत होता. दीपनगरवाली कुजबुजली, "लाईट आहे अक्का." एवढ्यात सावदेवालीचा नवरा रस्त्याकडून धावत आला. तो गाणं-बिणं विसरूनच ओरडला, "आबा! मोटर कोनं बंद केली? लाईट तं हाये!"

आबा केळीच्या रांगेतून परत येत होते. काठी टेकत, दोन झाडांमध्ये थांबत. त्यांच्या गुडघ्यांना ते अंतर थोडं नव्हतं. बाजेपर्यंत आले. पण ह्या वेळी बाजेवर बसले नाहीत. सतरंजीच्या कडेशी चपला काढल्या, भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली बसले, सुनेच्या समोर, तिच्याकडे तोंड करून.

"म्या केली," मुलाकडे न बघता ते म्हणाले. "लाईट उद्या बी येईन. बस खाली."

मुलगा जिथे होता तिथेच मातीत बसला. सावदेवाली थांबली होती. भाऊंचा हातही थांबला होता. एकटा माझा तंबोरा चालू होता, आणि तो बेसूर नव्हता ह्याचा मला आजही अभिमान आहे. आबांनी काठी बाजूला ठेवली. मग पारावर त्या टोकणाऱ्याला ज्या सरळ आवाजात उत्तर दिलं असेल, त्याच आवाजात म्हणाले, "म्हन माय. पह्यल्यापासून म्हन."

तिने पहिल्यापासून म्हटलं. जाळ विझून वांगी थंड झाली, उन्हाने डोकी तापली, कुणी हललं नाही. वरच्या षड्जावर ती पोचली तेव्हा आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत तशीच ठेवली. मला खानदेशाच्या पुष्कळ गोष्टींचा गर्व आहे, काही उगाचचेही आहेत. पण धुळ्याच्या थंडीची शपथ घेऊन सांगते, असा श्रोता मी जळगावच्या कुठल्याही हॉलमध्ये पाहिला नाही. भर उन्हात, लाईट असताना, सावद्याच्या मळ्यात मोटर बंद होती आणि आबा सुनेचं गाणं ऐकत बसले होते.